थूल मॅडमची नियमावली

आमच्या शाळेच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. मधल्या सुट्टीत तिथवर जाऊन चहा सांगून कोणी यायचं, हे स्टाफरूममध्ये रोज दगड-कागद-कात्रीवर ठरायचं, आणि नऊ वर्षं ते बहुतेक माझ्यावरच यायचं. समोर थूल मॅडम असत. मी दगड दिला की त्यांचा कागद तयार. मी फार डोकं लढवून कात्री दिली, तर त्या दिवशी नेमका त्यांचा दगड.

"सर, तुमी चित्रकलेवाले पहिल्या डावाले गोटाच देता," त्या म्हणत. "आन आज हरले का उद्या कैची. हेडमास्तर लोक कागद देतात. लिहून घ्या."

"लिहून घ्या" हे त्यांचं पालुपद. आभाळ भरून आलेलं असताना "पाऊस येत नाई, लिहून घ्या" असं सांगून त्या निघत आणि नालवाडीच्या घरी पोचेपर्यंत चिंब होत. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल विचारलं तर म्हणत, "मी तुमाले लिहाले सांगतलं होतं. तुमी लिहिलं नाई, म्हणून आला." त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही. मी स्वतः तर कधीच जिंकलो नाही.

सुनंदा थूल. सिंदी मेघेतल्या आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका. उंच, काटक, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी. कॉलेजात कबड्डी खेळताना मोडली आणि तशीच जुळली. लग्न केलं नव्हतं; भाऊ-वहिनीजवळ राहत. एकदा धीर करून मी लग्नाचं विचारलं, तर म्हणाल्या, "एक स्थळ आलतं सर. बरोबरी झाली. तो बी नाई म्हणे, मी बी नाई म्हणे." आणि डब्यातली भाकर मोडून लसणाच्या चटणीला लावली. विषय तिथेच संपला.

मी शाळेत लागलो तेव्हा मागच्या बाजूला मैदान होतं. दोन वर्षांनी संस्थेने त्यावर कॉलेजची इमारत बांधायला घेतली. थूल मॅडम महिनाभर खिडकीत उभ्या राहून खड्डे खोदताना बघत होत्या. मग त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं की मुलांकडून वर्गात योगासने करून घ्यावीत. मुख्याध्यापकांनी तोंडी आणखी एक पुरवणी जोडली: "खेळ घ्या मॅडम, पण आवाज नको. शेजारच्या वर्गाले त्रास होते."

आता मैदान गेल्याचं दुःख आम्हालाही होतं, पण ते चहाबरोबर ओसरलं. मॅडमचं तसं नव्हतं. दहावीला राज्य पातळीवर क्रमांक मिळवून आलेल्या मुलांना मार्कांत सवलत मिळते. ज्या शाळांना मैदानं आहेत, त्यांची मुलं ती घेतात. आमच्याकडे येणाऱ्या मुली घरची धुणीभांडी उरकून येत. त्यांच्यासाठी पाच-दहा मार्क म्हणजे कुठल्या कॉलेजात जाता येईल, याचा निकाल. "पाय ठेवाले जागा नाई म्हणून त्याईचे मार्क गेले पायजे का?" मॅडम विचारत. आम्ही भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत असू.

मग एका दुपारी व्हरांड्यात पोरं गोटा-कागद-कैचीवर डबे आधी कोण धुणार ते ठरवत होती. मॅडम तिथे थबकल्या. मैदान नको, चेंडू नको, आवाज नको. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी त्या तिथेच उभ्या होत्या. स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाल्या, "सर, हा खेळ सरकारच्या यादीत गेला पायजे. मी रिटायर व्हायच्या आत."

मला हसू आलं, आणि मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

यादीत जायचं तर नियम हवेत, आणि नियमांत तर दर दोन कोसांवर फरक होता. पुढची दोन वर्षं सुट्टी मिळाली की मॅडम एसटीने गावोगाव फिरल्या. हातात दोनशे पानी वही. एखाद्या पारावर, शाळेच्या पायरीवर बसायच्या, पोरांना खेळायला लावायच्या आणि लिहायच्या. ती वही मी वाचली आहे. त्यांच्याच नालवाडीत चौथी खूण होती, 'आग'. पाची बोटं वर करून हलवायची. सगळं जाळते, पण दिवसातून एकदाच वापरता येते. आमच्या सिंदी मेघेत अंगठा वर केला की 'बम'. पुलगावच्या वाटेवर एका खेड्यात पहिला डाव धरतच नाहीत, तो देवाचा. आणखी एका वस्तीत तीनदा बरोबरी झाली की दोघंही हरले आणि बघत उभा असलेला तिसरा जिंकला. कुठे 'तीन' म्हणतानाच हात उघडतात, कुठे तीन झाल्यावर 'दे' म्हणून. प्रत्येक नियमाखाली गावाचं नाव, सांगणाऱ्या पोराचं नाव, आणि शेवटी मॅडमचा निकाल: ठेवावा, किंवा वगळावा. 'वगळावा'च जास्त.

एक नियम मात्र सगळ्या गावांत सारखा निघाला, तो कच्च्या लिंबाचा. खेळात एखादं अगदी लहान लेकरू असेल तर त्याने समोरच्याचा हात बघून मग आपला उघडला तरी चालतो. सगळ्यांना दिसतं, कोणी बोलत नाही. लेकरू जिंकतं, नाचतं. त्याखाली मॅडमनी लिहिलं होतं: "हा नियम नाही, माया आहे. स्पर्धेत चालणार नाही. वगळावा."

पायल नेहारे त्याच सुमारास आमच्या शाळेत आली. वडनेरची मुलगी, घरी भाजीचं वावर. तिकडून रोज येणं शक्य नाही म्हणून सिंदी मेघेत मामाकडे राहून आठवीत बसली. बारीक, सावळी, बोलायला फटकळ. मॅडमनी तिलाही वही घेऊन समोर बसवलं. मी बाजूच्या टेबलावर ड्रॉइंगचे कागद तपासत होतो.

"आमच्या गावाले चौथी इहीर असते," पायल म्हणाली. मूठ सैल करून तिने अंगठा आणि बोटांचं गोल कडं केलं. "गोटा इच्यात पडते. कैची बी पडते. कागद टाकला का इहीर झाकते."

मॅडमनी ती आकृती स्वतःच्या हातावर करून पाहिली. कड्यातून आरपार बघितलं. "हे कोणं काढलं?"

"कोणं काऊन काढन? वावरात इहीर हाय म्हणून तं वांगे होतात. मंग हातात काऊन नाई?"

मॅडम इतक्या खूश झालेल्या मी क्वचित पाहिल्या. "सर, बघा, बघा," करत त्यांनी मला उठवलं. "इतक्या गावाईत फिरली, पण वडनेरची विहीर सगळ्यात चांगली." पायलची मान ताठ झाली. ती गेल्यावर मात्र मॅडमनी वहीत चारही खुणा शेजारी शेजारी काढून पाहिल्या. मग म्हणाल्या, "पण सर, विहीर गोट्याले बी खाते अन् कैचीले बी. मंग गोटा कोण देईन? गोटा बिचारा फुकट मरते." आणि त्यांनी लिहिलं, मी डोळ्यांनी पाहिलं: "सर्वांत सुंदर. दगड निरुपयोगी होतो. वगळावा."

दिवाळीच्या सुट्टीत नियमावली छापायचं ठरलं आणि चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं. तीन हात काढायचे, म्हणजे एका दुपारचं काम, असा माझा समज. पंधरा दिवस लागले. नमुन्याला त्यांचाच उजवा हात. कात्री चौदा वेळा काढायला लावली. "अंगठा बाहेर दिसून राह्यला सर. पंचाले वाटन कागद येते का काय." वाकडी करंगळी मी चित्रात सरळ केली, तर तीही त्यांना चालली नाही. म्हणाल्या, "जे आहे थे काढा." माणसाचा चेहरा काही मला नीट जमत नाही, हे माझे विद्यार्थीही सांगतील. पण तो हात मी आजही न बघता काढू शकतो: आखूड नखं, बोटांच्या पेरांत बसलेला खडू, तळव्यावर एक जुना व्रण.

पुस्तिका पिवळ्या कव्हराची निघाली. एकूण सव्वीस नियम. उजव्या पानावर मजकूर आणि माझी चित्रं, डावं पान कोरं. "सुधारणांसाठी" असं त्या कोऱ्या पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलं होतं. सुधारणा कोण करणार होतं देव जाणे. मॅडम तर कोणालाही करू देणार नव्हत्या.

आता हे सगळं तालुक्यातल्या इतर खेळशिक्षकांना पटवणं आलं. मॅडमनी आठ शाळांच्या शिक्षकांना एका शनिवारी बोलावलं. तर्री-पोहे आले. भांडण एकाच गोष्टीवर झालं: हात तीनवर उघडायचा की तीननंतर. एक जाडजूड, प्रेमळ सर म्हणत होते, "तीनवर उघडतात मॅडम, साऱ्या दुनियेत तीनवर उघडतात."

"तीनवर उघडाले लावलं का चतुर पोट्टं जरासं थांबते, समोरचा हात पाहते, मंग उघडते," मॅडम म्हणाल्या. "कोण थांबलं, कोण नाई, पंचाले कसं समजन? तीन झालं, श्वास घेतला, 'दे' म्हटलं का दोघंही एकदम. इथं चोरीले जागा नाई." त्यांनी पुस्तिका उघडून नियम चौदा वाचला. कोणी विरोध केला की पुन्हा वाचला. चौथ्या वाचनाला पोहे संपले होते. "चालते मॅडम, तुमचंच राहू द्या," म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या. मॅडमना वाटलं, पटलं. मला वाटतं, त्या लोकांना बस पकडायची होती.

त्यानंतरच्या जानेवारीत पहिली स्पर्धा झाली. सातवीच्या वर्गातले बाक बाहेर काढले, मधे खडूची रेघ मारली. आमची धरून नऊ शाळा, साठेक पोरं, मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून टाळ्यांना मनाई. पंच थूल मॅडम, कारण नियम दुसऱ्या कोणाला पाठच नव्हते. फाऊल दाखवायला त्या शिट्टी वाजवत नसत. डावा हात वर करत. "उजवा हात खेळाचा, डावा न्यायाचा," हीही त्यांचीच म्हण. तो हात वर गेला की कोणी बोलत नसे.

शेवटच्या सामन्यात पायल आणि नालवाडीची एक मुलगी. चार-चार अशी बरोबरी. मॅडम म्हणाल्या, "एक, दोन, तीन, दे." नालवाडीच्या मुलीने दगड दिला. पायलच्या हाताचं झालं गोल कडं. तिला कळलंही नसावं. तिच्या हाताने आपल्या गावचं जे येत होतं ते केलं, आणि ती जिंकल्याच्या आनंदात उडी मारून मोकळी झाली.

डावा हात वर गेला.

"नियम सात. चौथी आकृती दाखवल्यास सामना गमावला," मॅडम म्हणाल्या.

नालवाडीच्या सरांनाच कसंसं झालं. ते पुढे आले. "जाऊ द्या न मॅडम. मूठच आहे थे. जराशी ढिली आहे. गोटा समजा अन् पुन्हा खेळू द्या."

"समजा नाई, सर. लिहिलं आहे."

पायलचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "तुमीच तं म्हणे, वडनेरची इहीर सगळ्यात चांगली."

"हो. चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "पण लिहिली नाई."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. स्टाफरूममध्ये मी स्पष्ट म्हणालो, की पोरीचं मन मोडून नियम कुठे न्यायचाय तुम्हाला. शिवाय खेळ अजून यादीत नाही, त्या प्रमाणपत्राला कुत्रं विचारत नाही. मॅडम बुटाची नाडी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आज माझ्या पोरीसाठी सोडला, तर उद्या यादीवाले म्हणतीन, हा तं पोट्ट्याईचा खेळ आहे. मंग साऱ्याच पोरी गेल्या." नाडी बांधून झाली तरी त्या तशाच वाकून बसून होत्या.

पायल आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मग आपणहून सरावाला आली. पुढची दोन वर्षं ती रोज व्हरांड्यात उभी राहून एक, दोन, तीन, दे करत राहिली. विहीर तिच्या हातातून निघून गेली. मॅडमनी ती काढली, असंच म्हणायला हवं. रोज शंभर डाव, बोट जरा गोल झालं की पट्टीचा टोला, हळूच, पण टोलाच.

दर वर्षी मॅडम अर्ज पाठवत. सोबत पिवळी पुस्तिका. दर वर्षी काहीच उत्तर येत नसे. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं आणि पायल दहावीत गेली, त्या वर्षी परिपत्रक आलं. मान्यताप्राप्त खेळांची नवी यादी. शेवटून तिसरा खेळ: दगड-कागद-कात्री.

मॅडमनी ओल्या चष्म्याने ती ओळ दोनदा वाचली. शिपायाला पेढे आणायला पाठवलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सर, तुमच्या कैचीमुळं झालं." मला खरंच तसं वाटलं थोडा वेळ. तोंडात पेढा असतानाच मी परिपत्रकाचं चौथं पान वाचलं, कारण मॅडमचा चष्मा पुसायचा राहिला होता. राज्यात दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्यातल्या मंडळींनी खेळ मान्य करून घेतला होता, त्यांच्या नियमांसह. पिवळी पुस्तिका कोणी उघडलीसुद्धा नसावी. "खेळाडूंनी 'तीन' या उच्चाराबरोबरच हात उघडावा. विलंब झाल्यास पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी बाद."

मी ते मोठ्याने वाचलं. मॅडमनी चष्मा पुसला, पान हातात घेतलं, स्वतः वाचलं. "तीनवर," एवढंच म्हणाल्या.

पहिलंच वर्ष म्हणून राज्यस्पर्धेत शाळांना थेट प्रवेश होता; आमच्या सहा मुली निवडल्या, आणि हातात पंधरा दिवस होते. पंधरा दिवसांत दोन वर्षांची सवय पुसायची होती. मॅडम टेबलावर पट्टी आपटून मोजत, आणि तीनवर सहाही मुलींचे हात थिजून राहत, 'दे'ची वाट बघत. ओरडून झालं, समजावून झालं. आणि खरी गंमत, गंमत कसली, ही की मॅडमच्याच तोंडातून तीननंतर 'दे' निघून जाई. एक दिवस त्यांनी तोंडाला रुमाल बांधला आणि नुसती पट्टी आपटली. मुलींनी पट्टीनंतर एक श्वास घेतला आणि मग हात उघडले. मॅडमनी शिकवला होता तो श्वास.

स्पर्धेला सोबत म्हणून मी गेलो. मोठा हॉल, हिरवी जाजमं, कानठळ्या बसवणारा लाउडस्पीकर. पंच म्हणून एक तरुण बाई होत्या. चुकीचं काही केलं नाही त्यांनी. आमच्या सहा मुली पहिल्याच फेरीत बाद झाल्या. पाचजणी ताकीद मिळाल्यावर इतक्या घाबरल्या की पुढच्याच डावाला पुन्हा थांबल्या. पायल सर्वांत शेवटी. तिने दोन डाव बरोबर तीनवर उघडले. तिसऱ्याला थांबली. ताकीद. चौथा जिंकली. पाचव्याला समोरची मुलगी कागद उघडून उभी होती आणि पायलची मूठ अजून हवेत होती. मग त्यातून कात्री निघाली. जिंकणारी कात्री, पण उशिरा आलेली. कोणालाही वाटलं असतं की पोरीने बघून चोरी केली. पंचबाईंना तेच वाटलं.

मी मॅडमना म्हटलं, "तक्रार करा. पुस्तिका दाखवा. सांगा की यांना असं शिकवलंय, वर्षभर तरी सवलत द्या."

"लिहिलं आहे न सर," मॅडम म्हणाल्या. "पान चार."

पायल जाजमावरून सरळ आमच्यापाशी आली. या वेळीही ती रडत नव्हती. आपला उजवा हात तिने मॅडमसमोर धरला. "गावचं होतं थे तुमी काढलं," ती म्हणाली. "तुमचं दिलं थे इथच्याईनं काढलं. आता याच्यात राह्यलं काय?"

मॅडमनी पोरींच्या पिशव्या मोजायला घेतल्या.

परत येताना गाडीत ऊन होतं, गर्दी नव्हती. पोरी खिडकीच्या जागेसाठी खेळायला लागल्या. आग आली, बम आला, कोणी तीनवर उघडत होतं, कोणी केव्हाही. पायलने विहीर दिली आणि खिडकी मिळवली. मॅडम समोरच्या बाकावर होत्या. त्यांना सगळं दिसत होतं. त्या बाहेर बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी आलेल्या नव्या यादीत तो खेळ नव्हता. का काढला ते कुठे लिहिलं नव्हतं. घालताना तरी कुठे लिहिलं होतं? पायलला त्या मार्कांअभावी हवं ते कॉलेज मिळालं नाही. मार्क मिळाले असते तरी मिळालं असतं का, माहीत नाही; पण आम्ही ते आपापसांत कधी बोललो नाही. पिवळ्या पुस्तिकांचे दोन गठ्ठे माझ्या ड्रॉइंगच्या खोलीत येऊन पडले. एका वर्षी शाळेत कागद वेळेवर आला नाही, तेव्हा मी ते गठ्ठे सोडले आणि मुलांना कोऱ्या पानांवर सराव करायला दिले. 'सुधारणांसाठी' या अक्षरांखाली पाचवीच्या पोरांनी पपया आणि आगगाड्या काढल्या. मला याची लाज वाटते. मॅडमना मी हे सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कळलं की त्यांना लकव्याचा झटका आला. मी दोन महिने आज जाऊ, उद्या जाऊ करत होतो. शेवटी एका दुपारी नालवाडीला गेलो. वहिनींनी अंगणाकडे बोट दाखवलं. मॅडम उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या. पायांत कॅनव्हासचे बूट नव्हते, रबरी चपला होत्या. उजवा हात मांडीवर, मूठ आवळलेली. मला ओळखलं. बोलणं जड झालं होतं. दोन-तीन शब्द, तेही अर्धे. मी एकटाच बोलत बसलो, शाळेचं, नव्या मुख्याध्यापकांचं. खेळताना तेही कागदच देतात, हे सांगितलं. त्या हसल्या.

चारच्या सुमारास फाटक वाजलं आणि पायल आत आली. ती आता एका खासगी दवाखान्यात व्यायाम करवणाऱ्या डॉक्टरच्या हाताखाली काम करते. रोग्यांना उठवणं, बसवणं, हातपाय हलवून घेणं. घरी जाताना रोज इथे येते, असं वहिनींनी मला आतूनच सांगितलं.

"डॉक्टर म्हणते, मूठ उघडबंद करा," पायल मला म्हणाली. "मॅडम आयकत नाईत. मंग मी खेळाले बसवतो. सर, आज तुमी हायच, पंच व्हा."

ती समोर स्टूलावर बसली. "एक. दोन. तीन." आणि तिने आपला दगड पुढे केला.

मॅडमची मूठ मांडीवर होती. त्या आपल्या मुठीकडे बघत होत्या, जिन्यावरून उतरणाऱ्या लहान लेकराकडे बघावं तसं. अंगठा हलला. मग तर्जनी निघाली. शेजारच्या घरात कुकरची एक शिट्टी झाली, थोड्या वेळाने दुसरी झाली. पायलचा दगड तसाच हवेत होता. तिने कोपराला दुसऱ्या हाताचा टेकू दिला, पण तो खाली घेतला नाही. मधलं बोट उघडलं, त्याच्या शेजारचं उघडलं. करंगळी वाकडीच राहिली, ती तर नेहमीचीच.

"कागद!" पायल ओरडली. "मॅडम जिंकल्या!"

तीनवर धरा, नाहीतर तीननंतर धरा, जगातल्या कुठल्याही नियमावलीत हा फाऊल होता. मॅडमचा डावा हात धड होता. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि तो खरंच खुर्चीवरून उचलला गेला. मला खोटं बोलायचं नाही, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. वाटलं, आता वर जाईल.

तो वर गेला नाही. मॅडमनी त्या हाताने आपला उघडलेला उजवा हात मांडीवरून उचलला, कसाबसा पुढे नेला आणि पायलच्या मुठीवर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं. कच्च्या लिंबाच्या नियमाखाली आपण वहीत काय लिहिलंय, तेही त्यांना आठवत होतं, याबद्दल मला शंका नाही.

"अजून एक?" पायलने विचारलं. मॅडमनी मान हलवून हो म्हटलं. मी उठलो आणि फाटकाकडे गेलो. मागून पायलचं मोजणं ऐकू येत होतं, आणि तीननंतर कितीतरी वेळ काहीच ऐकू येत नव्हतं.